दुसरं विमान

साऱ्या जगाला विमानाचं पोट दिसतं. आम्हाला पाठ दिसायची. यात बढाई काही नाही, आमचं घरच तसं होतं. आरे-वारेच्या रस्त्यावरून वर चढलं की कातळाचा सडा लागतो. त्याच्या अगदी कडेला आमचं चिऱ्याचं घर, आणि मागच्या अंगणाचा दगडी गडगा संपला की खाली थेट समुद्र. लढाऊ विमानं सरावाला यायची, ती हवाई दलाची की नौदलाची हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. पण यायची ती किनारा धरून, पाण्यालगत, इतकी खालून की गडग्याशी उभं राहिलं तर आपण वर आणि विमान खाली. काचेच्या आतलं वैमानिकाचं पांढरं डोकंसुद्धा दिसायचं. आवाज मागाहून यायचा. विमान मुकाट्याने निघून जायचं, आणि आपण ‘अरे’ म्हणेस्तोवर आभाळ फाटायचं, फडताळातले पेले किणकिणायचे, कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळायच्या. हिवाळाभर हे चालायचं.

आणि यायची ती जोडीने. एक गेलं की मागोमाग दुसरं, ठरलेलं. पहिलं गेल्यावर कोणी बोलायला तोंड उघडलं की दुसरं येऊन त्याचं वाक्य गिळून टाकायचं. म्हणून आमच्या वाडीला एक सवयच जडली होती. पहिल्याचा आवाज आला की बोलणारा होता तिथे थांबायचा, दुसरं जाऊ द्यायचा, आणि मग सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू. शाळेत गुरुजी ‘सात सक्कं’ म्हणून गप्प उभे राहत आणि दुसरं गेल्यावर ‘बेचाळीस’ म्हणत. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी बाई आईशी घासाघीस करता करता हात वर करून थांबे, आईही थांबे, आणि मग दोघी त्याच रागाने पुढे चालू होत. देवळात आरती थांबे. यात कोणाला काही विशेष वाटत नसे. आई मात्र दुसरं विमान डोळ्यांनी बघितल्याशिवाय गडग्यापासून हलायची नाही.

माझं लग्न ठरलं ते कारगिलनंतरच्या हिवाळ्यात. स्थळ सांगलीकडचं. मुलगा शांत, नोकरी करणारा, उगाच शहाणपणा न दाखवणारा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार एकच होती: मी गेले की आई त्या सड्यावर एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, मला भावंड नाही, आणि सगळ्यात जवळचं घर हाक मारली तर ऐकू येईल न येईल एवढ्या अंतरावर. आधीची स्थळं मी याचसाठी मोडली होती, एकाचं नाक वाईट, दुसऱ्याचं हसणं वाईट असल्या सबबी सांगून. या वेळी आईने मला बरोबर पकडलं.

“माझी राखण करायला जन्मलीस काय गो तू?” ती म्हणाली. “एक सबब आता सांगितलीस तर बघ.”

आमच्याकडे आई चिडली की विषय संपतो. मी होकार दिला, आणि तेव्हापासून रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला एकच दिसायचं: आई एकटी जेवतेय आणि दार लावतेय. मग मी उशीवर राग काढायचे.

मुलाकडच्या मंडळींत खरा अंमल होता तो आत्याबाईंचा. सासऱ्यांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, मग शिकल्या, शाळेत मुख्याध्यापिका झाल्या, आणि निवृत्तीनंतर भावाच्या घराची शाळा करून टाकली. सासरे कुठलंही वाक्य बोलायच्या आधी त्यांच्याकडे बघत. मुहूर्त त्यांनीच काढला. “आमच्यात मुहूर्त पळभरसुद्धा ढळत नाही बरं का, विहीणबाई,” असं त्यांनी आईला दोनदा ऐकवलं. आई दोन्ही वेळा नुसतं “बरं” म्हणाली. बाई त्याच दिवशी माझ्या डोक्यात गेल्या.

लग्न दारातच होतं. पुढच्या अंगणात, खळ्यात, माडाच्या झापांचा मांडव घातला होता, आणि घराभोवतीच्या आंब्याच्या कलमांवर वाटाण्याएवढी कणी धरली होती. घाटावरची मंडळी आदल्या रात्री आंबा घाट उतरून आली होती आणि सोलकढीला नावं ठेवून झाली होती. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने ती ऐकायची नसतात, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. आमची तुळस मागच्या अंगणात, समुद्राकडे. त्यामुळे आई तिकडे एकटी, आणि इकडे मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभी, मामा पाठीशी. आत्याबाई मनगटावरच्या घड्याळात डोळे घालून भटजींच्या शेजारी उभ्या होत्या. ते घड्याळ त्यांनी सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावून घेतलं होतं.

शेवटचं मंगलाष्टक संपत आलं. भटजींनी ‘कुर्यात् सदा’ असा सूर उंच लावला, आणि कावळा बसायला नि फांदी मोडायला, नेमकं तेव्हाच पहिलं विमान गेलं.

मांडव हादरला. घाटावरची मंडळी पार वाकली. कोणी मुलांना पोटाशी धरलं, कोणी खुर्चीखाली डोकं घातलं. एका काकांनी तर मुठीतल्या सगळ्या अक्षता स्वतःच्याच डोक्यावर उधळल्या. आवाज विरला, शांतता झाली, ती मंडळी एकमेकांकडे बघत सरळ झाली आणि आता भटजी ‘मंगलम्’ म्हणणार म्हणून थांबली.

भटजी म्हणेनात. कसे म्हणतील? ते आमच्या वाडीचे. त्यांनी एक बोट वर केलं होतं आणि मान समुद्राकडे वळवली होती. अंतरपाट धरलेले दोघेही तिकडेच बघत होते. सनईवाला गाल फुगवून तयारीत, पण वाजवत नव्हता. मामा, मामी, शेजारीपाजारी, आमच्याकडचं एकूण एक माणूस अक्षतांची मूठ वर धरून, तोंड मिटून उभं. आणि खरं सांगायचं तर मीही.

अंतरपाटाच्या पलीकडून माझ्या होणाऱ्या नवऱ्याने हळूच विचारलं, “काय झालं? कोणी हरकत घेतली का?”

“दुसरं विमान यायचंय,” मी म्हटलं.

“असं,” तो म्हणाला, आणि बिचारा आमच्यासारखाच गप्प उभा राहिला. मला तो पहिल्यांदा आवडला तो तेव्हा.

दुसरं येईना. आत्याबाईंचा घड्याळावर वाकलेला चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. “भटजी! अहो, वेळ टळतेय!” त्या ओरडल्या. भटजींनी दुसऱ्या हाताने ‘थांबा जरा’ अशी खूण केली. आयुष्यभराची सवय ती, मुहूर्ताला थोडीच ऐकते! शेवटी आत्याबाईंनी स्वतःच अंतरपाट ओढला, तेव्हा भटजी दचकून ‘मंगलम्’ म्हणाले, सनई अर्ध्यातच कुठून तरी सुरू झाली आणि अक्षता कशाबशा पडल्या.

“मुहूर्त टळला,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा शाळेतला आवाज होता, माइक लागत नव्हता. “हे लग्न मुहूर्तावर लागलेलं नाही. मुलीकडची सगळी माणसं खांबासारखी उभी! अपशकुन म्हणायचा की अपमान, तेवढं सांगा.”

सासरे त्यांच्याकडे बघू लागले. सप्तपदी अजून व्हायची होती, म्हणजे लग्न अर्ध्यावर होतं, आणि अर्ध्यावरून माघारी फिरलेल्या वरातींच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. भटजी “पळभर इकडे तिकडे चालतं हो” असं पुटपुटले, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष देईना. मामा हात जोडायला पुढे झाला. मला राग असा आला की हार तिथेच टाकून आत जावं आणि दार लावून घ्यावं. आणि खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं. मोडलं तर मोडलं. आईजवळ राहीन.

तेवढ्यात आई मागच्या अंगणातून आली. हातात तुळशीचा तांब्या तसाच. आत्याबाईंची समजूत घालायला आली असंच सगळ्यांना वाटलं. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने भटजींना विचारलं, “दुसरं इकडून दिसलं काय हो तुम्हाला?”

“नाही दिसलं.”

“मला पण नाय दिसलं. खाली पाण्यात काय पडलं असेल तर?” आई म्हणाली. शेजारच्या टीव्हीवर कारगिलच्या वेळी तिने नको ते बघितलं होतं, आणि तेव्हापासून तिचं गडग्याशी उभं राहणं वाढलं होतं.

“विहीणबाई,” आत्याबाई म्हणाल्या, “इथे तुमच्या मुलीचं लग्न अडलंय, आणि तुम्ही विमानाचं काय घेऊन बसलात?”

“लग्न होईल हो. आता नाय तर घटकाभराने होईल,” आई म्हणाली आणि तिथेच मांडवाच्या खांबाला धरून रडायला लागली. “पण तो पोर कोणाचा तरी असेल ना? त्याने काय केलंन्, कुठे गेला, ते कोणी बघायला नको? त्याची आई काय गडग्यावर उभी नाय.”

आत्याबाईंनी आईच्या हातातला तांब्या काढून घेतला. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलणार.

“नेहमी दोन येतात?” त्यांनी विचारलं.

“नेहमी.”

“कधीच चुकत नाही?”

“मी बघत्ये तेव्हापासून तरी नाय.”

आत्याबाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मग ते मनगटावर उलटं फिरवून टाकलं. “भटजी, तुम्ही सप्तपदी उरकून घ्या,” त्या म्हणाल्या. “आम्ही मागे बघतो.”

तर माझी सप्तपदी झाली तेव्हा नवऱ्याकडच्या सगळ्यात मोठ्या मानकरीण मागच्या गडग्याशी, कपाळावर हात धरून, समुद्र न्याहाळत उभ्या होत्या. मध्येच येऊन त्यांनी माझ्या मामेभावाला “ए, निळा शर्ट” अशी हाक मारली आणि स्कूटर घेऊन मिरकरवाड्याला पिटाळलं. बंदरात आलेल्या होड्यांना विचार, काही पडताना दिसलं का. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण तो निमूट गेला. परत येऊन म्हणाला, होड्यांवरचे तांडेल म्हणतात एकच गेलं, पडलं-बिडलं काही नाही. तेवढ्याने आईचं समाधान झालं नाही, आणि आश्चर्य म्हणजे आत्याबाईंचंही नाही. आई जेवली नाही म्हणून त्या जेवल्या नाहीत, त्या जेवल्या नाहीत म्हणून सासरे जेवायला धजेनात. भुकेने कासावीस झालेले सासरे जिलबीच्या ताटाभोवती घिरट्या घालत होते ते मला अजून दिसतं. शेवटी आत्याबाईंनीच दोन पानं गडग्यावर नेली. दोघी चिऱ्यावर बसून, पानं मांडीवर घेऊन, समुद्राकडे तोंड करून जेवल्या. काय बोलत होत्या ते कोणाला ऐकू आलं नाही.

उन्हं कलली. घाट अंधार पडायच्या आत चढायला हवा म्हणून बसवाला हॉर्न मारू लागला. मी आईच्या गळ्यात पडले. निघताना काय बोलायचं ते मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. रात्री सोबतीला शेजारची मुलगी येईल म्हणून कबूल झाली होती, पण ती किती दिवस येणार? “कडी नीट लाव गो,” एवढंच मी म्हटलं. आई “जा आता” म्हणाली. तिने डोळे कोरडे ठेवले होते. कसे ठेवले होते ते मला माहीत होतं.

बसमध्ये माणसं मोजली तेव्हा आत्याबाई नव्हत्या. त्या दारात उभ्या होत्या, आईच्या शेजारी, पायात आईच्या चपला.

“ताई, चल की!” सासऱ्यांनी खिडकीतून हाक मारली.

“तुम्ही व्हा पुढे,” आत्याबाई म्हणाल्या. “दुसरं आल्याशिवाय मी हलायची नाही. विहीणबाईंनी एकटीनं किती बघायचं?”

बसमध्ये कुजबूज झाली. माझा नवरा माझ्या कानाशी म्हणाला, “आत्या उशी बदलली तरी झोपत नाही. कुणाच्या घरी म्हणून राहत नाही.” नव्या नवरीबरोबर माहेरचं एक माणूस पाठराखीण म्हणून जातं, तशी माझी मावशी माझ्याबरोबर बसमध्ये चढली होती. आईची पाठराखीण खाली उभी होती. बस वळेपर्यंत मला दोघी दिसत होत्या.

सांगलीला माझ्या घशाखाली घास उतरेना. माणसं चांगली होती, जेवण चांगलं होतं, दोष त्यांचा नव्हता. सत्यनारायण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आईच्या शेजारच्या घरी फोन लावून दिला. निरोप जाऊन आई फोनवर यायला बराच वेळ लागला.

“काल सकाळी गेली गो,” आई धापा टाकत म्हणाली. “दोन गेली. एकामागून एक. नीट बघितलंय मी.”

“मग आत्याबाई निघाल्या का?”

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला.

“ती दोन वेगळी होती,” आत्याबाई ठणकावून म्हणाल्या. “परवाचं अजून यायचंय. तुम्ही माझ्या गोळ्या तेवढ्या पोस्टाने पाठवा. महिन्याच्या पाठवा.”

मी रिसीव्हर ठेवला. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, मी म्हटलं, “आत्याबाईंच्या गोळ्या पाठवायच्यात. महिन्याच्या.” मग मी पाटावर बसले आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.