हातानं काही करायचं नाही

धामणगावच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, भाऊराव फोरमनचा फोन आला, तेव्हा मी अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या ऑफिसात डबा उघडत होतो. "वसीमभाऊ नाही राहिले जी... धुरात कोंडले," एवढं बोलून तो रडायलाच लागला. मी त्याच्यावर खेकसलो, "काय बकून राहिला?" सकाळी तर वसीम माझ्याच टेबलावरची बिस्किटं उचलून गेला होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणाकोणावर आहे हे सांगत बसलो तर पान पुरणार नाही.

वसीम पातूरचा. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हापासूनची दोस्ती. घरी उर्दू, माझ्याशी अस्सल वऱ्हाडी. पुण्याची नोकरी सोडून तो अकोल्याला परतला आणि आम्ही एका छोट्या कंपनीत जिनिंगवाल्यांसाठी काम करू लागलो. रचून ठेवलेल्या कापसाची गंजी आतून तापते, वरून काही कळत नाही. गंजीत खुपसलेले सेन्सर तापमान क्लाउडवर पाठवत, ते वाढलं की आवारातला भोंगा आपोआप वाजे. हे सगळं वसीमनं कोडमध्ये लिहून ठेवलेलं होतं... कोणता सर्व्हर, कोणता इशारा, भोंगा चालू की बंद. क्लाउडनं ते वाचायचं आणि तसंच उभं करायचं. कोणी मध्येच हातानं काही बदललं, तर सुनेनं हलवलेले डबे सासूनं मुकाट्यानं जागच्या जागी ठेवावेत, तसं ते पुन्हा लिहिल्याप्रमाणे होऊन जायचं. "हातानं काही करायचं नाही बे. जे पायजे ते लिहा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनावायचा. मी चिडवायचो, "तुह्या संसाराचाबी कोड लिहून ठेवला का?" "ठेवला ना. म्हणून तर टिकून राहिला!" आणि स्वतःच खो खो हसायचा.

यंदा कापूस ओला आला, आणि ओला कापूस लवकर तापतो. भोंगा वारंवार वाजायचा, माणसं बाहेर पळायची, मशीन थांबायचं, आणि बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही. धामणगावच्या जिनिंगच्या मालकाची, शेठची माणसं मोबाइलवरून भोंगा बंद करत, थोड्या वेळानं तो आपला पुन्हा चालू. शेवटी शेठनं वसीमलाच फर्मावलं, "लिहूनच बंद कर. नाही तर दुसरी कंपनी पाहतो." आमच्या वरिष्ठांनी मान डोलावली. वसीमनं एक ओळ बदलली. त्या दिवशी तो जेवला नाही. "पश्या, मले हे बरं नाही वाटून राहिलं," तो म्हणाला, "आता कोणी चालू केला तरी तो बंदच होईन." मागोमाग आणखी तीन जिनिंगवाल्यांनी आपले भोंगे तसेच बंद करून घेतले. तेव्हापासून तो सारखा गंज्यांचं तापमान उघडून बसायचा. माझ्याशी बोलतानाही डोळे तिथेच असायचे.

त्या सकाळी धामणगावचे आकडे चढताना दिसले. शेठ हो म्हटल्याशिवाय ओळ फिरवता येत नव्हती. भाऊरावला "नजर ठेव" सांगून तो मिळेल त्या गाडीनं धामणगावला गेला. तो फाटकाशी पोचायला आणि भाऊरावला जळका वास यायला एकच गाठ पडली. भाऊरावनं मोबाइलवरून भोंगा चालू केला. भोंगा वाजला... आणि गप्प झाला. लिहिलं होतं बंद, म्हणून यंत्रणेनं तो इमानानं बंद केला. आत कापसावर काम करणाऱ्या बायका उठल्या होत्या, त्या "नेहमीचंच आहे" म्हणत पुन्हा कामाला बसल्या. काय झालं ते त्या आवारात एकट्या वसीमला कळलं. तो बोंबलत आत धावला, हाताला धरधरून एकेकीला बाहेर काढलं. शेवटी एक म्हातारी राहिली म्हणून पुन्हा आत गेला. म्हातारी दुसऱ्या दारानं केव्हाच बाहेर आली होती.

या आठवड्यात जिनिंग पुन्हा सुरू झालं. नव्या गंज्या लागल्या. सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी मी तिथला भोंगा चालू करण्याची ओळ लिहून पाठवली आणि पडद्याकडे पाहत राहिलो. आमच्याकडे शेवटची मंजुरी वसीमची असे, आणि तिथून त्याचं नाव काढून टाकायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पडद्यावर आलं, 'वसीम यांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत'. वरिष्ठांना फोन लावला, ते म्हणाले, "उद्या बघू." उद्या? तिकडे कापूस उतरून राहिला होता!

तेवढ्यात वसीमच्या बायकोचा, नसरीनभाभीचा फोन आला. वसीमचा मोबाइल ती रोज चार्ज करते. "भाईसाब, इनके मोबाइल पे कुछ आया है. मंजूर करूँ क्या, पूछ रहा है..."

मी म्हणालो, "करा भाभी. लगेच करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊरावचा फोन. "भोंगा वाजला जी. गंजी तापली होती. सगळ्यायले बाहेर काढलं, कोणी मागं नाही राहिलं." मी तसाच भाभीकडे गेलो, तिला सांगितलं. तिनं मोबाइल मांडीवर घेतला. मग विचारलं, "अब इसे बंद कर दूँ?"

"नको भाभी," मी म्हणालो. "अजून तीन जिनिंगचे भोंगे बंद आहेत."