गुंडप्पा मिस्त्रींनी मागितलेली जीप

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. वडिलांनी धर्मांतर केलं तेव्हाच भूतखेत, नवस, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं. वर मी ITI झालेलो, म्हणजे तर विचारूच नका... तरीही हे घडलं. माझ्याच बाबतीत.

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळाचं वर्ष. लोहाऱ्याबाहेर एका सहकारी संस्थेचं गॅरेज होतं, तिथं मी फोरमन. संस्थेचे टँकर गावोगाव पाणी द्यायचे. त्या वर्षी पुण्याहून आमच्याकडं एक टेस्टिंग मशीन आलं – ट्रंकेएवढा डबा, चार वायरी, दोन काटे. वायरी इंजिनला लावल्या की कागदाची पट्टी बाहेर यायची. आज गाडीला लॅपटॉप जोडून स्कॅन करतात ना, त्याचा आजोबा म्हणा. ते चालवायला फक्त मलाच यायचं, आणि त्याचा मला लई माज होता.

गुंडप्पा मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. इंजिनांच्या आवाजानं कान कधीच गेलेले. ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. पण लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ दातात धरायचे आणि डोळे मिटून बिघाड सांगायचे. मी सगळ्यांसमोर विचारायचो, "मिस्त्री, आज इंजिन गोड लागलं का खारट?" ते हसण्यावारी न्यायचे.

त्या दिवशी सास्तूरचा टँकर निघायचा होता. तिथं तीन दिवस पाणी गेलं नव्हतं. मिस्त्री दातातली मूठ काढून म्हणाले, "सायब, मेन बेअरिंग बोलायलंय. आज ही गाडी धाडू नका."

मी मशीन लावलं. दोन्ही काटे हिरव्या पट्ट्यात. पट्टीच फाडून त्यांच्यासमोर धरली. आमच्या गॅरेजात एक रीत होती – शंका ज्याची, सीट त्याची. ज्याला गाडीचा भरवसा नाही, त्यानं गाडीबरोबर जायचं. मी ओरडून म्हणालो, "मग बसा तुम्हीच!" ते निमूट बसले.

दुपारी सव्वाची वेळ. मी शेडमध्ये एकटाच भाकरी खात होतो. दारात मिस्त्री उभे. सदरा घामानं भिजलेला.

"सायब, बेअरिंग गेलं. वड्याच्या पुलापाशी गाडी हाय. जीप धाडा."

मला राग आला. वाटलं, म्हातारा कुणाच्या तरी गाडीवर बसून मला खोटं पाडायला आलाय. तोंडात घास तसाच ठेवून मी पट्टीवरचे आकडे त्यांना वाचून दाखवले. एकेक ओळ. ते ऐकत राहिले.

"व्हय सायब, तुमचं बरूबर आसंल. पर जीप धाडा."

मी पट्टीची घडी करून वर पाहिलं, तर दारात कुणी नाही. रुसून नळावर गेले असतील... जाऊ दे, आधी चूक कबूल करू दे, मग बघू. जीप समोरच उभी होती हो! अर्ध्या तासानं वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "मिस्त्री? सकाळी टँकरवर गेल्याले, आजून आले न्हाईत की." मी त्यालाच झापलं – झोपला होतास!

साडेचारला ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटरसायकलवर धापा टाकत आला. एकच्या सुमारास ओढ्याच्या पुलाजवळ इंजिन जाम झालं होतं. गाडीखालून बाहेर येताना मिस्त्रींच्या छातीत कळ आली. त्यांना पुलाच्या सावलीत निजवून तो सास्तूरला पळाला. बैलगाडी मिळून ती पोचेपर्यंत सगळं संपलेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दोन तास आधी आणलं असतं तर..."

ड्रायव्हर शपथेवर सांगतो, मिस्त्रींना उठून बसताही येत नव्हतं. इंजिन खोललं – मेन बेअरिंगच. आणि मला फार उशिरा सुचलं – दारात उभ्या त्या माणसाशी मी ओरडून बोललोच नव्हतो. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

उन्हानं भास झाला म्हणावं, तर मला पूल कसा कळला? ते कसे आले यापेक्षा, येऊन त्यांनी माझ्याकडं काय मागितलं आणि मी काय दिलं, हेच मला खातं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रीणबाईंनी विचारलं, "शेवटी कुणाशी काय बोलले का हो?"

मी "नाही" म्हणालो.