रजिस्टरात मी ‘पडली’ लिहिलं

शेवंताबाईचं गोळ्यांचं कार्ड तात्यानं माझ्या तोंडावर फेकलं. कोपरा डोळ्याखाली लागला. सोमवार होता, बीपी-साखरेच्या गोळ्यांचा दिवस, व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं बसलेली. सगळ्यांनी बघितलं.

“तुजी आय आमच्या रानात खुरपाय येत हुती,” तात्या म्हणाला. “आन् तू मला भाईर काडतीस व्हय?”

माझा गुन्हा एवढाच. मी त्याला म्हणाले होते, तात्या, पाच मिनिटं बाहेर थांबा, आज्जींना तपासायचंय.

मंगळवेढ्याकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स. माहेर त्याच गावचं, गावकुसाबाहेरचं. तात्या गावातला मोठा माणूस. शाळेच्या कमिटीवर तो, सोसायटीत तो, कार्यक्रम कुणाचाही असू दे, माइक त्याच्याच हातात. शेवंताबाई त्याची आई, ऐंशीला टेकलेली. बाई काही देवमाणूस नव्हती, हे पण सांगते. माझ्या आईला तिनं कधी तांब्या हातात दिला नाही. वरून ओतायची, आई ओंजळ धरायची. मी शेजारी उभी राहून बघितलंय.

तीच बाई त्या दिवशी रानातल्या घरापासून एकटी चालत आली होती, उन्हात. मी बाही वर केली. दंडावर चार बोटं उमटलेली, आतल्या बाजूला अंगठा. माणूस पडलं की गुडघा फुटतो, कोपर सोलतं. बोटं उमटत नाहीत. जीभ पार वाळलेली. पाणी पीत नाही का म्हणून विचारलं, तर इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “रातचं आंथरूण वलं हुतंय माज्यानं. म्हून देत न्हाईत पानी.”

मला काय वाटावं? खरं सांगते, आईची ओंजळ आठवली. पण बरं नाही वाटलं.

तेवढ्यात जीप आली, तात्या आत घुसला. म्हातारीला नाव विचारलं तरी तोच सांगणार. घरच्या म्हाताऱ्या माणसांना मारहाण होते, हाल होतात, ते ओळखायचं कसं, याचं आम्हाला एक दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं. चहा, बिस्कीट, सर्टिफिकेट. त्यातलं एकच डोक्यात बसलं होतं, की पेशंटला एकटं घेऊन बोला. म्हणून मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. आणि कार्ड तोंडावर आलं.

डॉक्टर नवे होते, बदलीकडं डोळे लावून बसलेले. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “सिस्टर, सॉरी म्हणा. विषय संपवा.”

मी हात जोडले. अख्ख्या व्हरांड्यासमोर. चुकलं तात्या, म्हणाले. मग रजिस्टर ओढलं. काय झालं, या रकान्यापाशी हात थांबला. तर शेवंताबाईच बोलली. “ल्ही बाई, पडली म्हून. तुजी नोकरी ऱ्हाऊ दे.”

मार तिनं खाल्लेला. आणि काळजी माझी.

मी लिहिलं. घरात पाय घसरून पडली. खाली माझी सही. कार्ड लागलं ते मी विसरेन एखाद्या वेळेस. त्या सहीची लाज जात नाही.

पुढं तिला कुणी आणलंच नाही. आमच्याकडची रीत अशी, की म्हातारं माणूस हिंडू शकत नसलं तर घरच्यानं कार्ड घेऊन यायचं, आम्ही महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. दया म्हणून सुरू झालेली रीत. तात्या यायचा, कार्ड टेबलावर टाकायचा. कशी हाय आज्जी? बरी हाय. मी गोळ्या मोजून द्यायचे आणि कार्डावर खूण करायचे. पाच महिने. पाच वेळा मी त्या माणसाला विचारलं. तिला जाऊन एकदाही विचारलं नाही. रानातलं ते घर दवाखान्यापासून लांब नव्हतं. मी भ्याले होते, दुसरं काही नाही.

ज्वारीची काढणी चालू असताना तिला जीपमधून आणलं. डावी बाजू गेलेली, वाचा बंद. बीपी दोनशेच्या वर. गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या. लुगडं सोडलं तर माकडहाडापाशी हाताएवढी जखम, सडलेली. मनगटाभोवती दोरीचे वळ. बाजेला बांधलं होतं तिला.

गिळता येत नव्हतं, म्हणून मी ओल्या कापसानं ओठ पुसले. तर ती तो कापूसच चोखायला लागली. सोडेना. लहान लेकरासारखी.

मी तिथं मोठ्यानं रडले. नोकरीत पहिल्यांदा. मग तोंड पुसलं आणि तात्याकडं वळले. बाहेर व्हा, म्हणाले.

“पुन्ना सुरू केलंस व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले. “आता चौकीत फोन करणार हाय. तुमी हितंच थांबा.”

त्याच्यासमोरच फोन लावला. एकेक जखम मोजून, मापून कागदावर घेतली आणि कागद डॉक्टरांपुढं ठेवला. सही करा, नाहीतर मी अशीच चौकीत जाते. त्यांनी केली.

शेवंताबाई सोलापुरात मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस जगली. शेवटपर्यंत बोलली नाही. मी रोज ड्यूटी संपली की एसटीनं जायचे. उजव्या हातानं माझं बोट धरून ठेवायची. माझ्या आईच्या हाताला जी कधी शिवली नाही, तिचा हात.

केस उभी राहिली. आता तात्याच्या वकिलानं माझंच जुनं रजिस्टर काढलंय. बघा, म्हातारी आधीपासूनच पडत होती, नर्सनंच लिहिलंय. ज्या कागदानं ती सुटली असती, तोच मी खोटा लिहून तिच्या पोराच्या हातात दिला होता.

परवा डॉक्टरांचा फोन आला. त्यांची बदली झाली कधीच. म्हणाले, सिस्टर, लिहिलंय तेच सांगा, तुमच्यावर काही येणार नाही. खोटं लिहिलं म्हणालात तर नोकरीवर येईल, पेन्शन अडकेल. खरं आहे त्यांचं. नवरा पण तेच म्हणतो. माझी सहा वर्षं उरलीत.

पुढच्या आठवड्यात साक्ष आहे. मी जाणार. त्या पिंजऱ्यात उभी राहून आधी माझं सांगणार. साहेब, ते मी खोटं लिहिलं. दंडावरची बोटं डोळ्यांनी बघून, घाबरून लिहिलं. त्याची असेल ती शिक्षा मला द्या. आणि आता पुढचं लिहून घ्या. मला सगळं आठवतंय.