वरच्या खोलीतल्या सरांची डबी

आमच्या वरच्या खोलीतले सर लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. तिथं घसा फाडतात, घरी मात्र झोपेत असल्यासारखे बोलतात. रविवारी मोबाईल पुढं धरून माळावर हिंडतात. मला वाटलं, गुप्तधन हुडकतात. तसं विचारलं, तर म्हणाले,

"न्हाई हो आजी. कुणीतरी डबी लपवतं, ठिकाण मोबाईलवर टाकतं. आपण हुडकायची, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहून परत तिथंच ठेवायची."

"लई रिकामे दिसता," मी म्हणाले.

यंदा त्यांना स्वतःची पहिली डबी लपवायची होती. जागा निवडली आमचं भूकंपात पडलेलं जुनं गाव. मी म्हणाले, "माझी लेक मंदा त्या ढिगाऱ्यात राहिली, सापडलीच न्हाई. तिथं कुणी दगड उचकायचे न्हाईत."

 पुढच्या रविवारी सरांनी मला सोबत नेलं. पडक्या भिंतींवर गवत डुलत होतं. ते आत शिरलेच नाहीत. शिवेवरच्या कडुलिंबाच्या बुंध्यातल्या ढोलीत डबी ठेवली.

"हिला नाव द्यावं लागतं, आजी."

मी मंदाचं दिलं.

आता नांदेडहून, अहमदपूरहून पोरं येऊन जातात. त्यांनी मोबाईलवर लिहिलेलं सर जिन्यात उभे राहून हळू वाचतात, "मंदा सापडली. लिंबाखाली, गार सावलीत होती."

मी म्हणते, "परत वाचा."