नळदुर्गचे धरण आणि दालनातला नकाशा

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. संस्थानच्या सरकारी तंत्रविद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या नळदुर्ग येथील मोजणी-छावणीसाठी मला पुण्याहून परीक्षक म्हणून बोलावले. मी गेलो. मी परीक्षा घेतली. मी दिलेले गुण बदलण्यात आले.

सोलापूरपर्यंत आगगाडी, पुढे कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, जी प्रत्येक चढावर उतारूंनाच ढकलायला लावते. हद्दीवर जकातीसाठी ट्रंका उघडाव्या लागतात. आपले इंग्रजी कलदार रुपये देऊन संस्थानचे नाणे, हाली सिक्का, सोलापुरातच घ्यावे. नळदुर्गात भाकरी आणि शेंगांची चटणी उत्तम. चहा वर्ज्य समजावा.

किल्ल्यातले बोरी नदीवरचे दगडी धरण आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहताना मी दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवले. असे सांधे आज कोण जुळवतो?

छावणीत विलायतेहून परतलेले अध्यापक तंबूत बसून उर्दूत व्याख्याने देत. विद्यार्थी मराठी, कानडी, तेलुगू मुलखांतले. टिपणे उर्दूत घेत, भांडणे आपापल्या भाषेत करत. बुद्धीची वाण मुळीच नव्हती.

विद्यापीठाच्या दालनात या धरणाचा नकाशा टांगलेला आहे, विभागप्रमुखांनी तरुणपणी काढलेला. दरवर्षी विद्यार्थी आपली मापे त्याच्याशी जुळवून घेतात. अणदूरच्या मल्लिनाथने यंदा तसे केले नाही. त्याच्या नकाशात धरणाचा माथा एका टोकाला उतरता होता.

"मल्ल्या, भिंतीला म्हणावं जरा वर सरक, न्हायतर तू गेलास!" सोबती हसले.

"मोजलं तेच काढलं," तो म्हणाला. "दुसरं कुठनं आणू?"

मी स्वतः माथ्यावर जाऊन मोजणीची दुर्बीण लावली. मल्लिनाथ अचूक होता. मी त्याला पहिला क्रमांक दिला; विभागप्रमुखांनी तो खोडून त्याला नापास केले. पाटबंधारे खात्यातली त्याची जागा याच निकालावर अडली होती.

"आपण येऊन पाहा," मी विभागप्रमुखांना म्हणालो. धरण तंबूपासून हाकेच्या अंतरावर होते.

"परीक्षकसाहेब," ते पान लावत म्हणाले, "आमचा नकाशा वजीरसाहेबांच्या नजरेखालून गेलाय. तुमच्या भिंतीला कुणी मंजुरी दिलीय?"

तंबूभर हशा पिकला.

पुण्यास परतलो तरी तो हशा कानातून जात नाही. वाचकहो, हिवाळ्यात नळदुर्ग जरूर पाहा. परंतु पूर आधी कोठून ओसंडेल हे जाणण्याची ज्यांना इच्छा नाही, त्यांच्या हाती संस्थानचे तलाव जाणार आणि ज्याने ते मोजले तो घरी बसणार, हे मी निमूट पाहणार नाही. विभागप्रमुखांस जाहीर प्रश्न: मल्लिनाथचे कोणते माप चुकले? स्वतः माथ्यावर उभे राहून मोजावे आणि सहीनिशी लेखी उत्तर द्यावे. तंबूत बसून लिहिलेले उत्तर स्वीकारले जाणार नाही.