कापडी विमान

"डोळ्यानं बगा, बोटानं न्हाई!"

हे म्हणताना आबांचा उजवा तळहात असा ताडकन उभा राहायचा, की समोरून उसाचा ट्रक येत असता तर तोही थांबला असता. साताऱ्यात माझं रंगांचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाइकं कमी आणि आबाच जास्त असायचे. हवाईदलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी उलटलेले आणि भांडायला सदा तयार. तुमच्याही गल्लीत असा एक असेल. त्याच्या दारासमोरून जाताना आपण हॉर्न वाजवत नाही.

आमची पहिली खडाजंगी चंदेरी रंगावरून झाली. मी गेटला मारतात तो डबा पुढे केला. त्यांनी उघडून वास घेतला आणि झाकण दाणकन आपटलं.

"ह्यो गेटाचा रंग झाला. मला इमानाचा पायजे."

"विमान कुठं लावलंय आबा?"

"घरात, टेबलावर. हसू नगा."

मी हसलो नव्हतो, पण त्यांना ते पटलं नाही. मग काउंटरवर माझेच तीन डबे उघडून त्यांनी स्वतः रंग कालवला, कागदावर मारून पाहिला, फाडला, पुन्हा कालवला. वर मलाच ऐकवलं, "असला रंग इकता आनि मालक म्हनवून घेता?"

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन विमान पाहिलं. हातभर लांबीचं, एकावर एक अशा दोन पंखांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं इंग्रजांचं लढाऊ विमान. बांबूच्या बारीक कामट्यांचा सांगाडा, त्यावर जुन्या मलमलीचं कापड, आणि कापड प्रत्येक कामटीला सुईनं शिवलेलं. वरून द्रावण चढवलं की कापड हलगीसारखं ताणतं, मग चंदेरी रंग. लांबून पाहणाऱ्याला पत्राच वाटावा. मात्र खालचा उजवा पंख अर्धाच झाकला होता. पुढे उघड्या कामट्या, आणि कापडाच्या कडेला सुई दोऱ्यासकट टोचून ठेवलेली. शिवणारा जणू चहाला उठून गेला होता.

"आबा, हा एवढा राहिला की," मी बोट पुढे नेलं.

तळहात वर. "ऱ्हायला न्हाई, ठेवलाय. आत काय हाय ते लोकास्नी दिसाया नगं?"

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील इंग्रजांच्या काळात हवाईदलाच्या कारखान्यात अशाच विमानांच्या पंखांना कापड शिवायचे. सुट्टीत कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावी आले की पारावर बसून अभिमानानं सांगायचे, आणि अख्खा पार हसायचा. "कापडाचं इमान? मग पावसात भिजल्यावर दोरीवर वाळत घालत असतील!" त्यांचं नावच 'कापड्या' पडलं, ते मरेपर्यंत सुटलं नाही.

"बाप खरं बोलत हुता, आनि थापाड्या म्हनून गेला," आबा म्हणाले. "त्याच गावात ह्ये इमान ठिवनार. मग मी मोकळा."

आजही त्या गावाचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. पंधरा ऑगस्टच्या आठवडाभर आधी आम्ही माझ्या टेम्पोतून विमान नेऊन ग्रामपंचायतीच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवलं. सरपंचांनी स्वतः किल्ली घेतली. झेंडावंदनाला पुन्हा गेलो. सगळा गाव जमला होता, पुढच्या रांगेत म्हातारी माणसं. आबांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. सरपंचांनी कपाटावरचा पडदा ओढला.

खालच्या उजव्या पंखावर, शिवलेल्या कापडावरूनही, पत्रा होता. पातळ, गोंदानं चिकटवलेला, त्यावर ऑइलपेंटनं केशरी, पांढरा, हिरवा पट्टा, चकचकीत. सुई गायब.

"येवढं अर्धवट हुतं आबा," सरपंच हात जोडून म्हणाले. "पोरांनी लय मनापास्नं पुरं केलं बगा. टाळ्या हूं द्या!"

टाळ्या झाल्या. आता ह्याला शिव्या तरी कशा द्यायच्या, सांगा. वाईट करायला आलेला माणूस निदान कुणी बघत नाही ना, हे पाहतो. चांगलं करायला आलेला विचारतसुद्धा नाही. आमच्याकडे अर्धवट दिसेल ते झाकायचं, त्याला रंग फासायचा आणि वर हार घालायचा. रंग माझ्या दुकानातून नेला नव्हता, एवढंच माझं नशीब.

पुढच्या रांगेतले तात्या काठी टेकत उठले. लहानपणी पारावर हसणाऱ्यांतले बहुधा तेवढेच उरले होते. त्यांनी काचेतून पंख न्याहाळला आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या म्हनत न्हवतो? इमान पत्र्याचंच असतंय. कापड्यानं समद्या गावाला फशिवलं."

आता आबा छप्पर उडवणार, असं मला वाटलं. चंदेरी रंगावरून भांडणारा माणूस. पण त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला, शाल त्यावर ठेवली. सरपंचांच्या हातातली किल्ली घेऊन कपाट उघडलं, खिशातला चाकू काढून पत्र्याच्या कडेत घातला.

"आबा, नको!" मीच ओरडलो. "गोंद आहे, कापड फाटेल!"

ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पत्रा निघाला, आणि त्याला चिकटून दीड-दोन वर्षांचं शिवणही निघालं. दोन कामट्या काडकन मोडल्या. आबांनी पत्रा उलटा केला आणि तात्यांच्या समोर धरला.

"डोळ्यानं न्हाई तात्या. आता बोटानं बगा."

तात्यांचं बोट कापडावरून टाक्याटाक्यानं शेवटपर्यंत गेलं आणि तसंच परत आलं.

"शिवलंय रं," तात्या म्हणाले. "कापडच हाय. कापड्या खरं बोलत हुता."

परतताना आबा टेम्पोत कराड मागे पडल्यावर एकदाच बोलले, "चंदेरी रंग बाकी बरा हुता तुमचा." इतक्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते एकमेव कौतुक. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

त्या थंडीत आबा गेले. त्यांनी गावातून सोबत आणलेला तो पत्रा टेम्पोतच राहिला होता. अजून सीटच्या मागे असतो. दुकानात ठेवला तर कुणीतरी भंगारात घालेल.

मागच्या महिन्यात सांगलीला माल द्यायला गेलो होतो, तसाच पुढे त्या गावात गेलो. विमानाला नवा पंख बसवलाय. अख्खा पत्र्याचा, तिरंगी. कपाटावर पाटी आहे, तिच्यावर सरपंचांचं नाव आहे, आबांचं नाही. आबांच्या वडिलांचं तर नाहीच. मी पाटीसमोर उभा राहून मोठ्यानं शिवी दिली.

बाहेर पायरीवर तात्या बसले होते, भोवती पाच-सहा तरणी पोरं. "ह्यो पत्रा मागनं लावलाय. खरं इमान कापडाचं हुतं," तात्या जीव तोडून सांगत होते. "ह्या बोटानं बगितलंय म्या."

"मग तात्या, पावसात भिजल्यावर दोरीवर वाळत घालत हुते काय?" एकानं विचारलं आणि सगळी खिदळली.

तात्यांनी मला ओळखलं. "आवं रंगवाले, तुमी हुतासा न्हवं? सांगा की ह्यास्नी!"

मी टेम्पोतून तो पत्रा आणला आणि त्यांच्या मांडीवर उलटा ठेवला. तात्यांनी सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"बोट हिकडं आन," ते ओरडले. आवाज अगदी आबांसारखा चढला होता.