तेरा साती ब्याण्णव

दर जूनला, नव्या बॅचच्या पहिल्या तासाला, मी लातूरच्या क्लासमध्ये जी गोष्ट सांगत आलो ती माझी नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे की मला बहीण नाही. क्लासमधल्या पोरांना माहीत आहे की सरांना बहीण आहे. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटू नयेत, एवढीच काळजी मी इतकी वर्षं घेतली.

गोष्ट माझ्या रूममित्राची. अकरावी-बारावीला लातुरात आम्ही एका खोलीत राहत होतो. तो औशाकडचा, त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेला. मी मुदखेडचा, वडील रेल्वेत. आमच्याकडे त्या पहाटे मांडणीतली भांडी वाजली आणि आई उठून बसली, एवढाच माझा भूकंप. तो खोलीच्या दाराला कधी कडी लावू द्यायचा नाही. एकदा दुपारी मी चिडून विचारलं, "अरे, चोर शिरला तर?" तेव्हा त्यानं सांगितलं.

दगडमातीच्या भिंतीखाली तो आणि त्याची धाकटी बहीण अडकले होते. ती दिसत नव्हती, पण आवाज येत होता. ती रडायला लागली म्हणून तो पाढे म्हणायला लागला. "तेरा साती ब्याण्णव," तो म्हणाला, आणि ढिगाऱ्यातून ती म्हणाली, "चूक." मग तो मुद्दाम चुकायला लागला. चुकलं की ती बोलायची. तो चुकत राहिला, चुकत राहिला. आणि मग ती "चूक" म्हणेनाशी झाली.

कुणाला सांगू नको, असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज त्याला वाटली नसेल.

पुढं मी त्याच लातुरात फिजिक्स शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी खच्चून भरलेला हॉल, पोरं टिवल्याबावल्या करत होती, माझं कुणी ऐकेना. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "गणपती विसर्जनाला आम्ही आजोळी गेलो होतो." हॉल गप्प झाला. मी थांबू शकलो असतो. पण पुढच्या बाकावरच्या मुलींचे डोळे भरले होते आणि मला ते बरं वाटलं. शेवट मात्र मी बदलला. माझ्या गोष्टीत बहीण बाहेर निघाली. माझ्या गोष्टीत ती डॉक्टर झाली.

क्लासचे मालक मागं उभे होते. त्यानंतर माझा फोटो फ्लेक्सवर गेला. खाली लिहिलं होतं: ढिगाऱ्यातून गुणवत्ता यादीपर्यंत.

त्याच मालकांच्या डोक्यात कॅम्पर व्हॅन शिरली. मालक नांदेडचे, हौशी माणूस. मुलांना परीक्षा केंद्रावर नेणारी जुनी गाडी होती, तिच्यातली बाकं काढून त्यांनी फळ्यांचे पलंग ठोकले, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. थंडी लागू नये म्हणून आतून छताला जुने फ्लेक्स मारले, छापील बाजू खाली करून. "टॉपरांच्या नजरेखाली झोपायचं सर! आपल्याला आई-बापानं अभ्यासापायी नाही झोपू दिलं, आता हे झोपू देतात का बघा." नाताळच्या सुट्टीत किनवटच्या पुढं, पैनगंगेच्या जंगलात जायचं ठरलं. मी रूममित्राला फोन केला. तो तोवर अहमदपूरला शाळेवर लागला होता. का केला? त्याच्यासोबत राहिलं की मी चांगला माणूस आहे असं मला वाटायचं. दुसरं काही कारण नाही.

अहमदपूरच्या स्टँडवर तो गोधडी काखोटीला मारून उभा होता. चढल्या चढल्या त्यानं वर बघितलं. फ्लेक्सवर टॉपरांच्या रांगेत, बरोबर मधल्या पलंगाच्या वर, मी होतो. फोटोखालची ओळ त्यानं वाचली. "बरा आलाय की रे फोटो," एवढंच म्हणाला, आणि नेमका त्याच पलंगावर गोधडी टाकली.

भोकर सोडलं तसा गारठा वाढला. रात्री मागचं दार तो वीतभर उघडं ठेवायचा. मालक कुडकुडत ओरडायचे, "अहो मास्तर, अस्वल आत येऊन झोपंल!" तो म्हणायचा, "येऊ द्या. फी लावू त्याला." मालक हसून हसून खोकायचे. तो तोंड वर करून पडलेला असायचा, फ्लेक्सच्या खाली. मला वाटायचं, त्याच्या लक्षात आलेलं नाही. आज वाटतं, मी स्वतःहून सांगेन म्हणून तो वाट बघत होता.

मग रस्ता संपला आणि मालकांनी गाडी नाल्यात घातली. वरून वाळू कोरडी दिसत होती, खाली ओल होती. मागची चाकं रुतली ती रुतलीच. दगड घातले, सागाच्या फांद्या घातल्या, जॅक लावला तर जॅकच वाळूत गेला. फोनला रेंज नाही. टाकीचा नळ दगडाला लागून तुटला होता आणि पाणी वाळूत जिरून गेलं होतं. दिवस मावळताना आम्ही तिघं गाडीत शिरून बसलो. हातपाय बधिर झाले होते.

मालक म्हणाले, "सर, तुमची ती गोष्ट सांगा. एवढ्यानं काय होतंय, माणूस कशाकशातून निघतो! मास्तर, तुम्ही ऐकली न्हाई ना?"

"न्हाई," तो म्हणाला. "सांग की."

मी म्हणालो, आत्ता नको. मालक ऐकेनात. मग मी चार वाक्यांत उरकायला बघितलं. घर पडलं, अडकलो, काढलं.

"हे काय सर? पाढ्याचं राहिलं की!" मालकांना गोष्ट पाठ होती. "तेरा साती ब्याण्णव! मग ती काय म्हणती? सांगा ना!"

"चूक," मी म्हणालो.

मी एकेक गाळत होतो आणि मालक एकेक परत घालत होते. शेवटही त्यांनीच सांगितला. "आणि ती पोरगी आज डॉक्टर आहे, मास्तर!"

त्यानं गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "कुठं दिली तिला?"

त्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारून राहिला होता. जणू एका गोष्टीत का होईना ती मोठी झाली, नांदली, तर कुठं नांदली ते त्याला कळायला पाहिजे होतं. त्या वेळी मी त्याचे पाय धरायला हवे होते.

"नांदेडला," मी म्हणालो.

"लेकरं?"

"दोन."

"बरं झालं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

सकाळी जाग आली तर त्याचा पलंग रिकामा. गोधडी माझ्या अंगावर होती. आणि मागचं दार घट्ट लावलेलं. जन्मात दार न लावणाऱ्या माणसानं, थंडी आत येऊ नये म्हणून, जाताना दार बाहेरून ओढून घेतलं होतं.

मी नाल्यानं पळत सुटलो. धुकं होतं, दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. पाणी नाही, वाट नाही, अंगावर पांघरूण नाही आणि मनात काय घेऊन तो गेला असेल, ते मला माहीत होतं. हाका मारून मारून आवाज बसला. प्रत्येक काळा दगड मला पडलेलं माणूस वाटत होता. शेवटी मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी त्या जंगलात बोंबललो, "तेरा साती ब्याण्णव!" पुन्हा, "तेरा साती ब्याण्णव!" त्यानं कुठून तरी "चूक" म्हणावं म्हणून. नुसतं चूक. मी गुडघ्यावर बसून ओरडत होतो आणि समोर पांढरं धुकं होतं.

मालक मागून धापा टाकत आले. "सर, हे काय करून राहिलात?" मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मालक हुशार माणूस. मी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं.

"औशाकडचे ना ते मास्तर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. ते बाजूच्या दगडावर बसले. बुटातली वाळू झाडत म्हणाले, "हे इथंच राहू द्या, सर. जूनला बॅच आहे."

ऊन वर आल्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. तांड्यावरचे दोघं दोरखंड घेऊन आले होते, सोबत किटलीत चहा. मी विचारलं, "आमचा माणूस?"

"ते सर? गेले की. किनवटच्या जीपात बसवलं त्येंला."

"काही म्हणाला?"

"म्हनले, दोघं हायती. त्यातल्या एकाला थंडी लई बाधती. च्या घिऊन जा."

मी तो चहा प्यालो.

आणि त्या जूनमध्ये मी गोष्ट पुन्हा सांगितली. पुढच्याही. हॉल वाढले, दोनाचे चार झाले, पडद्यावर दिसायला लागलो. दरवेळी ती बाहेर निघाली, दरवेळी डॉक्टर झाली. तो एकदा अहमदपूरच्या स्टँडवर दिसला. "बरं आहे का?" म्हणाला. मी "बरं आहे" म्हणालो. त्याची बस लागली होती. गोधडी अजून माझ्याकडे आहे.

मला बहीण नाही. ती त्याची होती आणि ती ढिगाऱ्यातून बाहेर आली नाही. हे मला त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवर सांगायचं आहे, आणि त्या आधी अहमदपूरला जाऊन त्याच्या तोंडावर सांगायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.